डाव्या बाजूची कड

आमच्या अंबरनाथच्या घरात स्वेटर लागावा अशी थंडी मी कधी पाहिली नाही. डिसेंबरात पंख्याचा वेग जरा कमी व्हायचा आणि पप्पा कानाला मफलर गुंडाळून दूध आणायला जायचे, एवढाच आमचा हिवाळा. तरी घरात बाराही महिने लोकर असायची. सोफ्याच्या उशीमागे, फ्रिजवर, देवघराखालच्या खणात, एकदा तर भाजीच्या पिशवीत मेथीच्या जुडीखाली. दादा म्हणायचा, या घरात माणसं कमी आणि मेंढ्या जास्त आहेत. ही सगळी लोकर कुंदाआत्याची.

आत्या पप्पांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत ती सासरहून परत आली ती आमच्याकडेच राहिली. हे माझ्या जन्माआधीचं, त्यामुळे मला ती घरातल्या खिडकीइतकी कायमची वाटायची. एमआयडीसीतल्या एका कंपनीत ती पॅकिंगला होती. सकाळच्या शिफ्टची रिक्षा खाली हॉर्न द्यायची तेव्हा तिची तांदळाची भाकरी तव्यावर असायची. ती भाकरी आई उतरवायची आणि आत्या चपला घालता घालता डबा घ्यायची. दुपारी परत आली की हातपाय धुऊन, चहा पिऊन ती विणायला बसायची. टीव्ही चालू असला तरी सुयांचा बारीक आवाज मला आतल्या खोलीत ऐकू यायचा. त्यावरून सुलट ओळ चालू आहे की उलट, तेही कळायचं. उलट ओळ ती थांबत थांबत विणायची, कारण वर्षानुवर्षं बाटल्यांची बुचं पिळून तिचा उजवा अंगठा आखडला होता.

विणायची ती लहान बाळांसाठी. मोठ्या माणसाला इथे घामच येतो, पण तान्ह्या बाळाला उकाड्यातही थंडी वाजते असा आमच्या इमारतीतल्या सगळ्या बायकांचा विश्वास होता. आत्याचा एक नियम होता. बाळ पोटात असताना स्वेटर सुरू करायचा, पण पुरा करायचा नाही. पाठ, पुढच्या दोन बाजू, बाह्या सगळं व्हायचं. शेवटच्या भागाचे टाके मात्र बंद न करता एका दोऱ्यावर ओवून ठेवायचे. बाळ आलं, रडलं, निरोप आला, की मगच ती सुई घ्यायची. कोणाच्या घरून पेढे आले की आई पेढा तोंडात टाकायच्या आधी सांगायची, "ताई, घ्या आता बंद करायला."

मी तिच्याकडून विणायला शिकले ते शाळेत असताना. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची होती. तिथे मला उत्तर येत असायचं, तरी मी हात वर करायची नाही. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जायची आणि मग बाहेरून हाका यायच्या. सुया हातात असल्या की बाहेर बसता येतं, हे मला लवकर कळलं. मान खाली ठेवता येते, कोणी काही विचारत नाही आणि सगळं ऐकू येतं. कॉलेजात गेल्यावर मी मोबाइलवरचे व्हिडिओ बघून नवे नमुने उचलले. पण त्या व्हिडिओतल्या बायका कडेपाशी आल्या की घाईत पुढे जायच्या, आणि आत्याला कडेशिवाय दुसरं काही दिसायचंच नाही. कोणी विणलेलं काही दाखवलं की मधली नक्षी ती नंतर बघायची. आधी अंगठा कडेवरून फिरवायची, वरपासून खालपर्यंत, कपाळावरून हात फिरवावा तसा.

प्राजक्तावहिनीला सातवा लागला तेव्हा आमच्याकडे ओटीभरण झालं. वहिनी म्हणजे दादाची बायको, बदलापूरची. हसरी, पटकन रडणारी, आणि माझ्यापेक्षा थोडीच मोठी. त्या दिवशी घर भरलं होतं. तिची आई आणि मावशी आल्या होत्या, इमारतीतल्या बायका होत्या, आत ओल्या नारळाच्या करंज्या तळल्या जात होत्या आणि तेलाचा वास थेट जिन्यापर्यंत गेला होता. मी भिंतीला टेकून एका टोपीचे टाके मोजत बसले होते. ओटी भरून झाली, हसणं चाललं होतं, आणि आत्या आतून एक जुना अभ्रा घेऊन आली.

अभ्र्यातून तिने पिवळ्या लोकरीचे तुकडे काढले. पाठ, दोन बाह्या, उजवी बाजू, आणि डावी बाजू जेमतेम चार बोटं विणलेली, टाके दोऱ्यावर ओवलेले. कडुनिंबाचा सुकलेला पाला खाली सांडला. मला आधी काहीच कळलं नाही. आईचा चेहरा बघितला आणि कळलं. आत्याला एक मूल झालं होतं, ते रडलं नव्हतं, एवढंच मला लहानपणापासून माहीत होतं. त्याच्यासाठी काही विणलं होतं आणि ते अजून घरात होतं, हे माहीत नव्हतं.

"लोकर अजून चांगली आहे," आत्या म्हणाली. "एवढी डावी बाजू झाली की झालं. माझा अंगठा चालत नाही, पण मनू करेल. तिचा हात माझ्यासारखा आहे."

वहिनीच्या आईने मावशीकडे पाहिलं. कोणीतरी करंज्या गरम आहेत तोवर खाऊन घ्या म्हणालं. वहिनीने ते तुकडे दोन्ही हातांनी पदरात घेतले, आत्याला वाकून नमस्कार केला आणि हसली. मी तिच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं, तिची बोटं लोकरीला टेकत नव्हती. तिने पदराचं कापड मध्ये धरलं होतं.

सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. वहिनी स्टुलावर येऊन बसली.

"मनू, मी वाईट आहे का गं?"

मी नाही म्हटलं.

"मला माझ्या बाळाला तो घालायचा नाही. कळतं मला, त्यात काही नसतं. पण रात्रभर माझ्या डोक्यात तेच येणार." तिने डोळे पुसले. "आत्यांना नाही म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. विणणार तूच आहेस ना? मग होऊ देऊ नकोस. काहीही कर."

मी मान हलवली. बोलायचं टाळता येतं म्हणून मी आयुष्यात पुष्कळ वेळा मान हलवली आहे. त्यातली ही एक.

मी डावी बाजू विणायला घेतली आणि वीतभर विणून झाल्यावर आत्याकडे नेली. "कड सैल आली," मी म्हटलं. मनात शंभर वेळा घोकलेलं वाक्य होतं ते. कड सैल नव्हती. पुढच्या कडेला चार टाक्यांची पट्टी, तिची साखळी सरळ रेघेत वर गेलेली. आत्याने अंगठा फिरवला. खाली आणला, परत वर नेला. "हो, आलीय थोडी," ती म्हणाली. "उसव. आपण नीट करू."

मला बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं. तिची नजर कमी झाली असेल, अंगठ्याची जाण गेली असेल, आणि त्याचा मी फायदा घेते आहे, असं मला वाटलं. तिने विणलेल्या चार बोटांपर्यंत मी उसवलं आणि तिथे थांबले.

मग ती मला शिकवायला बसली. जे मला येत होतं ते तिने पहिल्यापासून सांगितलं. ओळीचा पहिला टाका विणायचा नाही, लोकर पुढे ठेवून तसाच उचलून दुसऱ्या सुईवर घ्यायचा, मग लोकर मागे न्यायची. असं केलं की दोन ओळींचा मिळून एक टाका कडेला दिसतो आणि वेणीसारखी साखळी पडते. मी तसं विणलं, आणि वहिनीला हो म्हटलं होतं म्हणून परत उसवलं. पुढच्या वेळी ती म्हणाली, सगळे पहिलाच टाका ओढतात, चूक तिथेच होते. पहिला ओढला तर कड चुण्या धरते. ओढ द्यायची ती दुसऱ्या टाक्यानंतर, आणि तीही हलकी, बाळाच्या हातातून बोट सोडवून घेतो तशी. हे ती अगदी सहज बोलून गेली आणि मी खाली बघत राहिले.

असे कितीतरी दिवस गेले. तिचं एकेक सांगणं आणि माझं एकेक उसवणं. पुढच्या पट्टीचे टाके दोन्ही बाजूंनी सुलटच विणायचे, नाहीतर कड आत वळते. नवी लोकर कधी दर्शनी कडेला जोडायची नाही, शिवणीच्या बाजूला जोडायची, म्हणजे गाठ शिलाईत लपते. ओळीचा शेवटचा टाका मोठा होत असेल तर तो मागच्या बाजूने सुई घालून विणायचा. प्रत्येक वेळी मला वाटायचं आता हिच्या युक्त्या संपतील, आता ही म्हणेल राहू दे. पण ती दमायची नाही. उसवलेल्या लोकरीला टाक्यांचं वळण राहतं, ती कुरळी होते. मग आत्या तिची लडी करायची, कोमट पाण्यात बुडवायची आणि गॅलरीत वाळत घालून खाली वजनाला जुनं कुलूप अडकवायची. दुसऱ्या दिवशी लोकर सरळ झालेली असायची. त्या कुलपाकडे बघत मी दात घासायची.

सगळ्यात जड जायचं ते तिचं प्रेम. माझे डोळे दुखतील म्हणून ती मला बदाम भिजवून द्यायची. कंपनीतून येताना माझ्या आवडीचे वाल आणायची आणि आखडलेल्या अंगठ्याने ते सोलून बिरडं करायची. आईला म्हणायची, मनूवर ओरडू नकोस, ती माझं काम करतेय. वहिनी हे ऐकून ताटातच बघायची. आम्ही दोघी एकमेकींशी त्याबद्दल परत एक शब्द बोललो नाही. संध्याकाळी ती पोटावर हात ठेवून खुर्चीत बसायची, समोर मी आणि आत्या, आणि मध्ये तो पिवळा तुकडा वाढायचा आणि कमी व्हायचा. दादा एकदा म्हणाला, "मनू, तुझ्या स्पीडने माझा पोरगा तो स्वेटर लग्नात घालेल." सगळे हसले. आत्याही हसली.

वहिनीला नववा लागला आणि लोकर विरायला लागली. एवढ्या वेळा उसवून तिचा पीळ गेला होता, मध्येच केसासारखी बारीक व्हायची. आत्या म्हणाली, उल्हासनगरला जाऊन बघू, मिळता रंग मिळाला तर. रविवारी आम्ही रिक्षाने गेलो. त्या बाजारात ती ज्या दुकानात नेहमी जायची तिथे एक सिंधी आंटी बसायची. जाड भिंगाचा चष्मा, हातात कायम स्वतःचंच काही विणकाम, गिऱ्हाइकाकडे न बघता त्याच्या पिशवीकडे बघायची सवय. आत्याने पिवळा तुकडा काउंटरवर ठेवला. मी आदल्या रात्रीपर्यंत विणलं होतं आणि उसवायचं राहिलं होतं.

आंटीने लोकरीचं टोक बोटात धरून चुरगळलं. "बहुत बार खोला है इसको. अब और खोलोगे तो टूटेगा." मग तिने तुकडा उचलून दिव्याखाली धरला. अंगठा कडेवरून फिरवला, अगदी आत्यासारखा. "किनारा तो एकदम सीधा है. खोलते क्यों हो?"

माझे कान तापले. दुकानात आणखी दोघी होत्या, मला वाटलं त्याही ऐकताहेत. मी आत्याकडे बघू शकले नाही. काउंटरवरच्या काचेखाली बटणं होती, ती बघत राहिले.

"सीख रही है अभी," आत्या म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं, जसं काय ती रंग विचारत होती. मग तिने तो तुकडा अभ्र्यात गुंडाळला आणि म्हणाली, "इससे मिलता मत देखो. नया दिखाओ. हरे में, नरम."

बाहेर आल्यावर तिने मला दाल पकवान खायला नेलं. बाकावर बसलो. पकवानाचा तुकडा मोडून ती डाळीत बुडवत होती.

"पहिल्या दिवसापासून सरळ होती," ती म्हणाली. "अंगठा वाकत नाही माझा, पण मेलेला नाही."

"आत्या, मी..."

"प्राजक्ताचा चेहरा बघितला होता मी. ओटीच्याच दिवशी. तो अभ्रा काढायलाच नको होता चारचौघांत. काढला खरा, पण मग परत आत कसा ठेवायचा? काय म्हणून ठेवायचा?" ती थोडा वेळ खात राहिली. "तू उसवायला लागलीस तेव्हा म्हटलं, बरं झालं."

"मग मला सांगायचंस ना. मला किती..." मला पुढचा शब्द मराठीत सुचेना आणि इंग्रजीत म्हणायची लाज वाटली.

"सांगितलं असतं तर तू थांबली असतीस," ती म्हणाली. "आणि मला तुझ्याशेजारी बसून तो विणलेला बघायचा होता. थोडा वाढलेला. पुरा नको होता, पण वाढलेला बघायचा होता." मग तिने माझ्या डाळीत कांदा घातला. "खा. मऊ पडेल."

मला त्या दिवशी हलकं वाटायला हवं होतं. चोरी पकडली गेली होती आणि शिक्षा झाली नव्हती. तसं झालं नाही. तिला फसवत होते तोपर्यंत निदान वाईट वाटायला मला एक कारण होतं. आता ते गेलं आणि वाईट वाटणं तसंच राहिलं. वहिनीला मी काही बोलले नाही. बोलले असते तर ती कोसळली असती, आणि आत्यानेही मला बजावलं होतं, तिच्या कानावर घालू नकोस म्हणून.

हिरवा स्वेटर मी पटापट विणला. वहिनीला मुलगी झाली, ती जोरात रडली, आणि त्याच संध्याकाळी मी गळ्याचे टाके दोऱ्यावरून सुईवर घेऊन बंद केले, एक मोठी सुई घेऊन, म्हणजे गळा आवळत नाही. पिवळ्याबद्दल आत्याने घरात एवढंच सांगितलं की लोकर विरली, टिकली नसती. वहिनीने तिच्याकडे पाहिलं आणि पटकन मान फिरवली. बारशाच्या दिवशी हिरवा स्वेटर घातलेली मुलगी तिने आधी आत्याच्या मांडीवर ठेवली, स्वतःच्या आईच्याही आधी. आत्याने बाळाच्या पुढच्या कडेवरून अंगठा फिरवला. घरात त्या दिवसांत अळिवाच्या लाडवांचा वास होता. रात्री तिने मला अभ्रा दिला. "तुझ्याकडे ठेव. माझ्याकडे असला की मी काढते."

तेव्हापासून तो माझ्याकडे आहे. वहिनीची मुलगी आता शाळेत जाते आणि तिला लोकर टोचते. मी लग्न होऊन सोनिवलीला आले, नव्या इमारतीत, जिथे समोर अजून शेत आहे आणि संध्याकाळी बगळे उतरतात. अभ्रा कपाटाच्या वरच्या खणात ठेवला. मलाही आता सातवा संपत आला आहे. हे लिहिताना वहीखाली पोटाचाच टेकू आहे.

बातमी कळली तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती पिवळा स्वेटर. मी ठरवलं, आपण तो पुरा करायचा आणि आपल्या बाळाला घालायचा. कोणी मागितला नव्हता. तोंडाने मी म्हणत होते की यात काही नसतं, मी शिकलेली मुलगी आहे. पण विणायला बसले की माझी बोटं थंड पडायची. वहिनीने त्या दिवशी पदराचं कापड मध्ये का धरलं होतं ते मला बरोबर कळायचं. तरी मी रोज थोडा विणत गेले, कारण न विणणं म्हणजे आत्याला दुसऱ्यांदा नाही म्हणणं होतं. लोकर जिथे विरली होती तिथे दुहेरी घेतली. कड मी जीव ओतून सांभाळली.

गेल्या आठवड्यात आत्या राहायला आली. आता ती रिटायर झाली आहे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं करायला तयार नाही. येताना डब्यात डिंकाचे लाडू आणि पिशवीत लोकर, पांढरी. चहा झाल्यावर मी पिवळी डावी बाजू तिच्या हातात दिली. खांद्यापर्यंत झाली होती.

"हे काय?" ती म्हणाली.

"आपला," मी म्हटलं. "माझ्या बाळाला."

तिने तुकडा मांडीवर पसरला आणि अंगठा कडेवरून फिरवला. खालून सुरुवात केली, तिच्या स्वतःच्या चार बोटांपासून, तिथून माझ्या ओळींवर, सावकाश वरपर्यंत. मग माझ्याकडे पाहिलं, त्या चांगल्या डोळ्याने.

"सैल आलीय," ती म्हणाली.

"आत्या, सरळ आहे कड."

"सैल आलीय, मनू. उसव."

मला सुटका झाल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेची इतकी लाज वाटली की मला तिच्याकडे बघवेना. मी सुई काढली. आत्याने दोन्ही हात समोर धरले, लडी गुंडाळायला धरतात तसे, आणि मी उसवत गेले. कुरळी लोकर तिच्या मनगटांभोवती जमत गेली. बाहेर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. पोटात बाळ हललं, ते मी तिला सांगितलं, आणि तिने हात तसेच धरून ठेवत नुसती मान डोलावली.

तिच्या चार बोटांशी आल्यावर मी थांबले. तिथून खाली तिची कड होती. मी इतकी वर्षं ती नुसती ओलांडत आले होते, नीट कधी पाहिली नव्हती. अंगठा फिरवला. दुसऱ्या टाक्यानंतरची ओढ हलकी होती, सगळीकडे सारखी. मी दोरा ओवला आणि एकेक टाका त्यावर घेतला.